गाडीच्या ॲम्पची वायर आणि कुर्टीचा भंगारवाला

गोव्यातल्या कुर्टीच्या भंगारवाल्याने वायरचं कापलेलं टोक कानशीवर दोनदा घासलं, माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "ये ताँबा नही है, साब."

मी हसलो. एकोणीस वर्षं मी कुंडईच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन आहे. मोटारी, पॅनल, केबल ट्रे यांतच दिवस जातो. तांबं कसं असतं ते मला कोणी दाखवायचं? "बाबा रे, चार गेजची कॉपर वायर आहे. पाकिटावर छापलेलं होतं," मी म्हटलं. त्याने वाद घातला नाही. घासलेलं टोक नुसतं उन्हात फिरवलं. वरच्या तांबूस कातडीखाली पांढरी चमक दिसली. केसासारख्या बारीक तारा, प्रत्येकीला तांब्याचा मुलामा आणि आत चक्क ॲल्युमिनियम. मी सोबत आणलेलं जुन्या पंख्याचं वायंडिंग त्याने तांब्याच्या ढिगात टाकलं आणि वायर वेगळी ठेवली. "इसका भाव अलग."

वायर मी विकलीच नाही. गुंडाळून परत गाडीत टाकली आणि घरी आणली. त्या दिवसापर्यंत दोन महिने ज्या गोष्टीने माझं डोकं खाल्लं होतं तिचं उत्तर त्या वेटोळ्यात होतं.

सुरुवातीपासून सांगतो. मी आमच्या केरीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. पखवाजाची डावी बाजू, कणीक लावलेली, गाडीतल्या मूळच्या स्पीकरांवर कधी ऐकूच येत नाही. उजव्या बाजूची टणटण तेवढी येते, 'धा'तला घुमारा गायब. २०१३ ची स्विफ्ट, दारातले चार स्पीकर, त्यांच्याकडून किती अपेक्षा करणार? म्हणून गेल्या वर्षी म्हापशातल्या एका मित्राकडून वापरलेला मोनो ॲम्प, म्हणजे आवाजाला ताकद देणारा ॲम्प्लिफायर, आणि बारा इंची सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, घेतला. वायरिंगचं किट मडगावच्या एका दुकानातून आणलं. पारदर्शक पाकीट, त्यात बोटाएवढी जाड लाल वायर, तेवढीच काळी, काचेच्या फ्यूजचा होल्डर आणि आवाजाचा सिग्नल ॲम्पपर्यंत नेणाऱ्या आरसीएच्या निळ्या तारा. वर मोठ्या अक्षरांत 'चार गेज, दोन हजार वॅट'. किंमत नऊशे रुपये. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. तांब्याचे भाव आम्हाला कारखान्यात रोज ऐकू येतात.

फिटिंग मी स्वतःच केलं. त्यामुळे पुढे जे झालं त्यात अर्धा दोष माझा आहे, आणि तो अर्धा मोठा आहे.

श्रावणात वास्कोच्या सप्ताहाहून रात्री परत येत होतो, वेर्णा, लोटलीवरून बोरीच्या वाटेने. पाऊस कोसळत होता. तिथल्या भजनाचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग लावलं होतं. दर 'धा'ला समोरच्या रस्त्यावरचा हेडलाइटचा उजेड दबायचा आणि परत वर यायचा. हे आधीपासूनच होत होतं, मी मनावर घेतलं नव्हतं. बोरीचा पूल ओलांडला आणि मागून वास आला. तापलेल्या बेकलाइटचा, जुन्या काळ्या स्विचांच्या प्लास्टिकचा, असतो तसा. ज्यांनी तो एकदा घेतलाय त्यांना झोपेतही ओळखता येतो. गाडी कडेला घेतली, डिकी उघडली. फ्यूज होल्डरचं प्लास्टिक एका बाजूने मऊ होऊन वाकलं होतं. आणि फ्यूज शाबूत!

फ्यूज शाबूत आणि होल्डर वितळलेला, म्हणजे करंट जास्त गेला नव्हता. जोड ढिला होता. एवढं तिथेच पावसात भिजत कळलं. बाकीचं कळायला वेळ लागला, कारण माझं डोकं २३० व्होल्टचं आहे.

आमच्या धंद्यात ५०० वॅट म्हणजे काहीच नाही. घरातला मिक्सर. २३० व्होल्टवर तो सव्वादोन अँपिअर घेतो, पेन्सिलीपेक्षा बारीक वायरवर बिनतक्रार फिरतो. घराचं वायरिंग करताना दिव्यांना दीड स्क्वेअर एमएम, पॉवर प्लगला अडीच, एसीला चार, आणि विषय संपला. तेच ५०० वॅट गाडीत काढायचे तर व्होल्टेज आहे इंजिन चालू असताना पावणेचौदाच्या आसपास. शिवाय ॲम्प काही शंभर टक्के कार्यक्षम नसतो. चांगला क्लास डी ॲम्प ऐंशी टक्क्यांच्या आसपास, जुना क्लास एबी असेल तर निम्म्याच्या जवळपास वीज उष्णतेत घालवतो. म्हणजे माझ्या ॲम्पला ५०० वॅट आवाज काढायला साधारण ६२५ वॅट आत घ्यावे लागणार, आणि ते म्हणजे ४५ अँपिअर. मिक्सरच्या वीसपट.

आणि दुसरी मेख अशी की, २३० मधून अर्धा व्होल्ट वायरमध्ये गेला तर कोणाच्या बापाला कळत नाही. साडेतेरा-चौदामधून अर्धा व्होल्ट गेला तर जवळजवळ चार टक्के गेले. व्होल्टेज कमी तेवढी वायर जाड, हे मी आयटीआयमध्ये शिकलोय, परीक्षेत लिहिलंय आणि स्वतःच्या गाडीत साफ विसरलोय.

ॲम्प खरोखर किती खातो हे खोक्यावरून ठरवू नका. माझ्या ॲम्पच्या खोक्यावर २००० वॅट होते. ॲम्पच्या कडेला पाते फ्यूज असतात ते बघा. माझ्याला २५ चे दोन, म्हणजे ५०. पन्नास अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट, त्याचे ऐंशी टक्के केले की ५५० वॅट. तेवढंच त्याचं आयुष्य. उरलेले साडेचौदाशे वॅट छापखान्यातले.

पुढच्या रविवारी कारखान्यातून डीसी क्लॅम्प मीटर, वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा, मागून आणला. आपल्या पिशवीतला नेहमीचा क्लॅम्प इथे लावू नका, तो बहुतेक करून फक्त एसी मोजतो. बॅटरीच्या वायरवर शून्य दाखवेल आणि तुम्ही खुशाल समजाल की करंट कमी आहे. इंजिन चालू ठेवलं, मोबाइलवर ५० हर्ट्झचा एकसुरी टोन लावला, आवाज नेहमीच्या वरच्या पातळीवर. अर्धवट वितळलेला होल्डर तसाच ठेवून, फक्त दहा-दहा सेकंद. हे शहाणपणाचं नव्हतं, पण मला नेमकं त्याच अवस्थेत मोजायचं होतं. बायको दारातून बघत होती. घराच्या खिडक्या थरथरत होत्या. "चवथीला आणलेली काचेची बरणी फुटली तर तूच नवी आणणार," एवढंच म्हणाली.

क्लॅम्पवर ४३ अँपिअर. बॅटरीच्या टोकांवर १३.६ व्होल्ट आणि ॲम्पच्या टोकांवर १२.०. म्हणजे १.६ व्होल्ट वाटेतच खर्च. मग तुकड्या-तुकड्यांत मोजलं. याची पद्धत सोपी आहे आणि ॲम्प लावणाऱ्या प्रत्येकाने करून बघावी: मल्टिमीटरची एक टोकणी वायरच्या एका टोकाला, दुसरी त्याच वायरच्या दुसऱ्या टोकाला (लांब पडते, तर एक साधी तार जोडून घ्यायची), आणि वाजत असताना वाचायचं. त्या वायरने किती व्होल्ट गिळले ते थेट दिसतं. माझ्याकडे लाल वायरमध्ये ०.५६, फ्यूज होल्डरमध्ये ०.३ आणि ॲम्पच्या अर्थिंगमध्ये ०.७.

अर्थिंगचा आकडा बघून लाज वाटली. काळी वायर मी मागच्या सीटच्या एका बोल्टखाली दाबली होती, रंग न खरवडता. पत्र्यावरचा रंग म्हणजे इन्सुलेशनच की! सगळेजण लाल वायरच्या जाडीवर चर्चा करतात आणि अर्थिंगला दोन फूट कुठलीही काळी वायर लावून मोकळे होतात. जेवढा करंट लालमधून जातो तेवढाच, अँपिअरला अँपिअर, काळीमधून परत येतो. ०.७ व्होल्ट गुणिले ४३ म्हणजे तीस वॅट, एका बोल्टच्या टाचेखाली. फ्यूज होल्डरमध्ये तेरा वॅट, अंगठ्याएवढ्या जागेत. प्लास्टिक वाकणार नाही तर काय?

पण लाल वायरचा आकडा मला पटेना. तांब्याचा हिशेब तोंडपाठ आहे: लांबी मीटरमध्ये, गुणिले ०.०१७२, भागिले जाडी चौरस मिलिमीटरमध्ये, की ओहम मिळतात. चार गेज म्हणजे २१.१५ चौरस मिलिमीटर. बॅटरीपासून डिकीपर्यंत कार्पेटखालून वळणं धरून पाच मीटर. ओहम येतात ०.००४, आणि ४३ अँपिअरला ड्रॉप, म्हणजे वायरने गिळलेलं व्होल्टेज, यायला हवा ०.१७ ते ०.१८ व्होल्ट. मला दिसत होता त्याच्या तिप्पट. मी काय केलं? मीटरवर शंका घेतली. मीटरची बॅटरी बदलून पुन्हा मोजलं, तेच. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या दुसऱ्या मीटरने मोजलं, तेच. तरीही छापील पाकिटावर शंका आली नाही. शेवटी 'जोड खराब असतील' म्हणून सगळंच उचकटून टाकायचं ठरवलं आणि तशी ती वायर कुर्टीला पोचली.

भंगारवाल्याकडून आल्यावर मी जे केलं ते घरच्या घरी कोणीही करू शकतं. आईचा छोटा डिजिटल वजनकाटा आहे, नेवऱ्यांच्या पिठासाठी आणलेला. वायरचा बरोबर एक मीटर तुकडा कापला, कटरने लांबीभर चीर देऊन वरचं प्लास्टिक पूर्ण सोलून काढलं आणि आतल्या तारा वेटोळं करून काट्यावर ठेवल्या. तांब्याची घनता ८.९६. म्हणजे खऱ्या चार गेजच्या एक मीटर तांब्याचं वजन १९० ग्रॅमच्या आसपास भरायला पाहिजे. काटा ३४ वर थांबला.

चौतीस! बाजूला पडलेलं प्लास्टिक ठेवून बघितलं, ते तारांपेक्षा जड भरलं. म्हणजे मी नऊशे रुपयांना लाल प्लास्टिकची नळी घेतली होती, आतून थोड्या तारा ओवलेली.

हिशेब पुढे नेला. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेल्या या तारेत तांबं आकारमानाने सहसा दहा ते पंधरा टक्के असतं. दहा धरलं तर घनता ३.३ च्या जवळ. चौतीस ग्रॅमला जाडी येते दहा चौरस मिलिमीटरच्या किंचित वर. ही तार वीज वाहते शुद्ध तांब्याच्या सुमारे ६४ टक्के. म्हणजे माझी 'चार गेज' खरं तर साडेसहा चौरस मिलिमीटर तांब्याच्या बरोबरीची, नऊ गेजची. आता ०.०१७२ गुणिले पाच, भागिले साडेसहा, गुणिले ४३ करून बघा. ०.५६ व्होल्टच येतात. मीटर पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. आणि त्या वायरमध्ये चोवीस वॅट उष्णता. एक पूर्ण सोल्डरिंग आयर्न, कार्पेटखाली पाच मीटरभर पसरलेली. संगीतात करंट सलग नसतो, ठोक्याठोक्याने असतो, म्हणून सरासरी बरीच कमी पडते, आणि म्हणूनच मी आज हे लिहितोय.

गेज या शब्दाबद्दल थोडं. ही उलटी गंगा आहे, आकडा लहान तेवढी तार जाड. आणि आपल्याकडे त्यात आणखी एक गोंधळ. मोटार रिवायंडिंगवाले ज्या गेजमध्ये बोलतात ते इंग्लंडचं एसडब्ल्यूजी, कार ऑडिओवाले बोलतात ते अमेरिकेचं एडब्ल्यूजी. चार एसडब्ल्यूजीची तार ५.८९ मिलिमीटर व्यासाची, चार एडब्ल्यूजीची ५.१९. जाडीत २७ आणि २१ चौरस मिलिमीटर असा फरक. फोंड्याच्या इलेक्ट्रिकल दुकानात जाऊन 'चार गेज द्या' म्हटलं तर काय हातात पडेल देव जाणे. म्हणून मी गेज सोडून दिलं. स्क्वेअर एमएममध्ये मागा, तांब्याची मागा. एडब्ल्यूजीचा एकच नियम लक्षात ठेवला तरी काम भागतं: आकडा तीनने वाढला की तांबं निम्मं. चार गेज २१, सात गेज साडेदहा, दहा गेज सव्वापाच. उलट्या दिशेने एक गेज ४२.

नवी वायर घेताना पाच मीटर आणि ४३ अँपिअर धरून कागदावर मांडलं. आठ गेज, पण खऱ्या तांब्याची, म्हणजे ८.४ चौरस मिलिमीटर: ड्रॉप ०.४४. हे बघून गंमत वाटली, खरी आठ गेज माझ्या खोट्या चारपेक्षा सरस. सोळा स्क्वेअर एमएमला ०.२३. पंचवीसला ०.१५. माझ्या मते लाल वायरमध्ये पाव व्होल्टच्या आत राहिलं की पुढे पैसे घालण्यात अर्थ नाही, त्यामुळे सोळा पुरली असती. तरी मी पंचवीस घेतली, कारण दारातल्या स्पीकरांना पुढेमागे छोटा ॲम्प लावायचा विचार आहे आणि कार्पेट परत काढायची माझी तयारी नाही. शिवाय बॉनेटखाली तांबं तापतं. पन्नास अंशांनी तापलं की रोध वीस टक्क्यांनी वाढतो.

घेतली ती वेल्डिंग केबल. हसू नका. शेकडो बारीक तांब्याच्या तारा, दोरीसारखी वळते, वर उष्णता आणि तेल सोसणारं रबर. वेल्डरच्या हातात ती दिवसभर घासली जाते, वाकते, तापते. गाडीत तिला सुटीच आहे. एकच सावधगिरी, वेल्डिंग केबल ॲल्युमिनियमचीही मिळते. दुकानदाराला विचारून, टोक कानशीने घासून बघून घेतली. तो म्हणाला, "पात्रांव, विश्वास नाही का आमच्यावर?" मी म्हटलं, "तुमच्यावर आहे. स्वतःवर राहिलेला नाही."

जुनी वायर ओढून काढताना जे दिसलं ते मात्र अजून आठवतं. इंजिनकडून आत येताना फायरवॉलच्या पत्र्याला मी भोक पाडलं होतं आणि त्यात रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारी कडी, बसवला नव्हता. 'नंतर बसवू' म्हणून. पत्र्याच्या कडेने वायरच्या प्लास्टिकवर गोल खाच पाडली होती. नख घातलं तर नखाखाली तारांचा खरखरीतपणा लागत होता. अर्धा मिलिमीटरही शिल्लक नसेल. आणि फ्यूज कुठे? मागे डिकीत, 'नजरेसमोर असावा' म्हणून. म्हणजे बॅटरीपासून त्या खाचेपर्यंत आणि तिथून पुढे डिकीपर्यंत, सगळी पाच मीटर वायर कोणत्याही फ्यूजशिवाय. ती खाच आणखी थोडी खोल गेली असती तर लाल वायर थेट बॉडीला टेकली असती. ३५ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी असली तरी शॉर्ट झाल्यावर ती शेकडो अँपिअर ओतते. स्टार्टर फिरवते ती काही उगाच नाही. डिकीतला फ्यूज ते सगळं शांतपणे बघत राहिला असता, कारण करंट त्याच्यापर्यंत आलाच नसता. कुंडईला कोणी ज्युनिअरने असं पॅनल बांधलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढला असता.

गाडीतला मेन फ्यूज ॲम्पसाठी नसतोच. ॲम्पला त्याचे स्वतःचे फ्यूज आहेत. मेन फ्यूज असतो वायरसाठी, म्हणून तो बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा. दीड फुटाच्या आत असा सर्वमान्य नियम आहे. आता माझा एका वीत अंतरावर आहे, काचेचा नाही, स्क्रूने आवळायचा पट्टीचा, ६० अँपिअरचा. ॲम्पच्या पन्नासपेक्षा थोडा वर आणि वायर जे सोसेल त्याच्या बऱ्याच खाली. फायरवॉलला ग्रोमेट बसवला, आणि इंजिनच्या बाजूला वायरवर कॉरुगेटेड पाइप चढवला.

एक भानगड मात्र झाली. ॲम्पच्या तोंडात चार गेजपर्यंतचीच वायर शिरते आणि माझी पंचवीस स्क्वेअर एमएम. कडेच्या थोड्या तारा छाटून घुसवावी असा मोह दोन मिनिटं झाला. मग पिन टाइप लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, आणला, कारखान्याच्या हेक्स टूलने दाबून क्रिंप केला, वर गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी. गोंदवालीच घ्या. आपल्या हवेत उघडं टोक राहिलं की दमट हवा तारांमधून आत आत चढते आणि दोन पावसाळ्यांत तांबं काळं पडतं. माझ्या म्हापशाच्या मित्राची गाडी कळंगुटला समुद्रासमोर उभी असते, त्याच्या लगांवर हिरवा थर चढतो तो मी बघितलाय.

अर्थिंगची वायर तीच पंचवीसची, दीड फूट. डिकीच्या तळाच्या पत्र्यावर रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने पांढरा लखलखीत पत्रा दिसेपर्यंत घासली, आठ एमएमचा बोल्ट, दातेरी वॉशर, आवळल्यावर वरून ग्रीस. सीट बेल्टचा बोल्ट तयार आणि सोयीचा दिसतो, पण त्याला हात लावायचा नाही. तो जीव वाचवण्यासाठी आहे.

परत मोजलं. लाल वायरमध्ये ०.१५, नव्या फ्यूज होल्डरमध्ये ०.०३, अर्थिंगमध्ये ०.०४. सव्वा दोन दशांशात सगळं आटोपलं. लावलं वास्कोचं रेकॉर्डिंग. डाव्या थापेनंतरचा तो जो घुमारा असतो, जो आधी मध्येच तुटल्यासारखा व्हायचा, तो पूर्ण आला.

आणि हेडलाइट? तसेच दबत होते!

इथे माझी दुसरी चूक. मला वाटत होतं, वायर बारीक म्हणून दिवे दबतात. विचार केला तर उलटं आहे. दिवे बॅटरीवर आहेत. ॲम्पच्या वायरमध्ये काय हरवतं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. दिवे दबतात ते बॅटरीवरचंच व्होल्टेज खाली येतं म्हणून. वायर सुधारल्यावर ॲम्प उलट थोडा जास्तच ओढणार. दोष अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवतो तो), बॅटरी आणि त्यांच्यामधल्या वायरींचा. माझ्या अल्टरनेटरवर ७० अँपिअर लिहिलंय, तेही इंजिन जोरात फिरत असताना. सिग्नलला गाडी उभी असली की त्याहून पुष्कळ कमी. त्यातून एसी, वायपर, हेडलाइट जाऊन ॲम्पला काय उरणार?

मडगावच्या त्या दुकानदाराने यावर एक फॅरडचा कपॅसिटर सुचवला होता, चकचकीत, निळा दिवा असलेला. हिशेब केला. १३.६ वरून १२.६ पर्यंत उतरताना एक फॅरड देतो तेरा जूल. सहाशे वॅट ओढणाऱ्या ॲम्पला ते पुरतात सेकंदाचा पन्नासावा भाग. पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. निळा दिवा छान होता, पण राहू दे म्हटलं. त्याऐवजी उरलेल्या केबलचे तीन तुकडे केले: अल्टरनेटर ते बॅटरीचा प्लस, बॅटरीचा मायनस ते बॉडी, इंजिन ते बॉडी. मूळच्या वायरी काढल्या नाहीत, त्यांच्या जोडीला दिल्या. अल्टरनेटरच्या तुकड्याला त्याचा वेगळा फ्यूज. बॅटरी चार वर्षांची होती, ती बदलली. दबणं बरंच कमी झालं. उरलेलं मी ॲम्पचा गेन, म्हणजे आवाज किती वाढवायचा त्याची कळ, थोडा खाली आणून मिटवलं. रात्री दहानंतर तसाही मोठ्याने वाजवायचा नसतो, कायदा आहे. किनाऱ्यांवर डिकी उघडी टाकून नाचणाऱ्यांना तो कोणी सांगत नाही, ही गोष्ट वेगळी.

गेल्या आठवड्यात आमच्या मंडळाचा पेटीवाला आला. त्याच्याही हातात पारदर्शक पाकीट, लाल वायर, 'चार गेज'. वेगळ्या दुकानातलं, वेगळ्या नावाचं. "दादा, तूच बसवून दे." मी आत गेलो आणि आईचा वजनकाटा घेऊन आलो. त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय. एक मीटर सोलला. कानशीने घासलं, आत पांढरं. त्याचा चेहरा पडला. काट्यावर ठेवलं, ७१ ग्रॅम. मी परत मोजलं, ७१ च. म्हणजे तारा ॲल्युमिनियमच्या खऱ्या, पण भरल्यात पुऱ्या, एकवीस चौरस मिलिमीटरच्या वरच. पाकीट उलटं करून बघितलं तर मागे बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं की तांब्याचा मुलामा आहे. तांब्याच्या हिशेबात पावणेचौदा. त्याचा ॲम्प छोटा, तीसचा एकच फ्यूज, वायर साडेचार मीटर. ड्रॉप आला ०.१७.

"चालेल," मी म्हटलं. तो अजून वायरकडे संशयाने बघत होता. "फक्त टोकांना गोंदवाली नळी आण, आणि एक ग्रोमेट. ग्रोमेट आधी."